चंद्रावरचे पाणी कोणाचे?

शीळफाट्याच्या परिसरातील डोंगर ज्या काळ्या पाषाणाचे आहेत, त्यास भूशास्त्रात बसाल्ट म्हणतात. पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारे काळसर डाग हीदेखील बसाल्ट खडकाचीच विस्तीर्ण मैदाने होत. खडक एकाच जातीचा. परंतु त्यावरील हक्काचा प्रश्न मात्र अगदी निराळा. येथे डोंगरातून दगड काढावयाचा झाल्यास शासनाची परवानगी घ्यावी लागते, स्वामित्वधन भरावे लागते. चंद्रावर परवानगी देणारे शासनच नाही. मग तेथील दगड, धातू आणि पाणी कोणी, कोणाला विचारून घ्यावे?

या विषयाचा मूळ कायदा म्हणजे १९६७ चा बाह्य अवकाश करार. भारताने त्यावर त्याच वर्षी सही केली आणि १९८२ मध्ये त्यास मान्यता दिली. अवकाशाचे संशोधन व वापर सर्व देशांच्या हितासाठी व्हावा, मग तो देश आर्थिक वा वैज्ञानिक दृष्ट्या कितीही मागे असो, असे त्याचे पहिले कलम सांगते. दुसऱ्या कलमानुसार वापर, ताबा वा अन्य कोणत्याही मार्गाने कोणतेही राष्ट्र चंद्रावर वा ग्रहावर मालकी सांगू शकत नाही. म्हणून चंद्रावर ध्वज रोवल्याने तेथील जमीन त्या देशाची होत नाही. खासगी कंपनीने केलेल्या कृत्याची जबाबदारीही तिच्या राष्ट्रावरच येते.

जमीन कोणाची नाही, हे ठरले. पण जमिनीतून काढलेली वस्तू कोणाची, याविषयी करार मौन पाळतो. एक पक्ष म्हणतो, खोल समुद्र कोणाचाच नसला तरी जाळ्यात आलेली मासळी कोळ्याची असते. अमेरिकेने २०१५ मध्ये आणि लक्झेंबर्गने २०१७ मध्ये याच विचाराने कायदे केले. दुसरा पक्ष १९७९ च्या चंद्र कराराकडे बोट दाखवतो. त्या करारानुसार ही संपत्ती मानवजातीचा सामायिक वारसा असून तिच्या वापरासाठी आंतरराष्ट्रीय व्यवस्था हवी. मोजक्याच राष्ट्रांनी तो स्वीकारला. भारताने १९८२ मध्ये त्यावर सही केली, परंतु मान्यता दिली नाही. पुढे जून २०२३ मध्ये भारत अमेरिकाप्रणीत आर्टेमिस कराराचा सहभागी झाला. खनिज काढणे म्हणजे आपोआप मालकी सांगणे नव्हे, अशी त्या कराराची भूमिका आहे. भारताच्या २०२३ च्या अवकाश धोरणानेही आंतरराष्ट्रीय बंधने पाळून मिळवलेली अशी संपत्ती बाळगण्याची व विकण्याची मुभा खासगी संस्थांना दिली आहे.

हा वाद केवळ ग्रंथातला नाही. २००८ मध्ये निघालेल्या चांद्रयान-१ च्या निरीक्षणांतून चंद्रावरील पाण्याचा पुरावा मिळाला. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. ध्रुवांजवळच्या कायम अंधारातील विवरांत बर्फ आहे. त्यापासून पिण्याचे पाणी, श्वासासाठी प्राणवायू आणि यानासाठी इंधन मिळू शकते. अशा जागा थोड्या आहेत. तेथे जो प्रथम पोहोचेल, तो मालकी न सांगताही इतरांची वाट अडवू शकेल.

कायद्याने खुले असणे आणि प्रत्यक्षात खुले असणे यांतील अंतर महाराष्ट्राने पाहिले आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचा ठराव केला. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले. तरीही अस्पृश्यांच्या ओंजळीत ते पाणी आले नाही. त्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला, आणि न्यायालयाचा अंतिम निकाल लागण्यास १९३७ साल उजाडले. ठरावात सर्वांचे नाव होते; अंमलाची व्यवस्था कोणतीच नव्हती.

अवकाशाच्या कायद्यात आज उणीव आहे ती नेमकी हीच. संयुक्त राष्ट्रांच्या अवकाशविषयक समितीचा एक कार्यगट या नियमांवर विचार करीत आहे. ज्यांच्याकडे अग्निबाण नाहीत, अशा राष्ट्रांचा वाटा त्यात कसा राखला जाईल, हाच आमच्या मते कसोटीचा प्रश्न आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी कोणी उद्या यान बांधील, तर आम्हांस अभिमान वाटेल. परंतु त्या यानाने आणलेले कोणाचे, हे न्यायाने ठरवणारे विधिज्ञही याच वर्गांतून घडावेत, अशी आमची इच्छा आहे.