घराचा पहारा आणि शेजाऱ्याची खिडकी

पुष्कळ घरांतील तरुण मंडळी आज आखातात अथवा शहरात नोकरीस आहेत आणि घरी वृद्ध आईवडील तेवढे उरले आहेत. त्यामुळे दारावर कॅमेरा बसविण्याचा विचार खेड्यांतूनही होऊ लागला आहे. घरासाठी असा पहारा प्रथम योजणाऱ्यांत न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेची गणना होते. दाराबाहेरचा मनुष्य घरातील पडद्यावर दाखविणाऱ्या तिच्या योजनेस १९६९ साली पेटंट मिळाले.

खरेदीपूर्वी तीन गोष्टींचा निर्णय करावा.

पहिली, काय पाहावयाचे? फाटक, पुढचे दार व परसदार एवढे बहुधा पुरते. कॅमेरा फार उंच लावल्यास चोराची टोपी दिसते, चेहरा दिसत नाही. अंगणासाठी २.८ मिलिमीटरचे रुंद दृष्टीचे भिंग घ्यावे; दूरच्या फाटकासाठी ६ मिलिमीटरचे बरे. पावसात राहणाऱ्या कॅमेऱ्यावर ‘आय.पी. ६६’ ही खूण असावी. भिंगावरील कोळिष्टके वेळोवेळी काढावीत, नाहीतर रात्री चित्रात केवळ पांढरा झगझगाट दिसतो.

दुसरी, चित्रण किती दिवस जपावयाचे? साध्या केबलच्या कॅमेऱ्यांना डी.व्ही.आर. लागतो, नेटवर्क-कॅमेऱ्यांना एन.व्ही.आर. एका कॅमेऱ्याचे चित्रण सेकंदास २ मेगाबिट या वेगाने साठविल्यास दिवसाला सुमारे २१.६ गिगाबाइट जागा व्यापते. म्हणजे चार कॅमेऱ्यांना १ टेराबाइटची डिस्क अकरा दिवस पुरेल. डिस्क भरली की सर्वांत जुने चित्रण पुसले जाते. म्हणून चोरी झाल्यास त्याची प्रत तत्काळ काढून ठेवावी. रेकॉर्डर कुलपाच्या पण हवेशीर कपाटात ठेवावा, अन्यथा चोर पुरावाही घेऊन जाईल. वीज वारंवार जात असल्यास इन्व्हर्टरची जोड आवश्यक होय.

तिसरी, ते चित्रण कोणी पाहावयाचे? कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रणालीने असेच न बदललेले पासवर्ड वापरून जगभरातील असंख्य कॅमेरे व रेकॉर्डर आपल्या ताब्यात घेतले होते.

याच ठिकाणी शेजारधर्माचाही प्रश्न येतो. खाजगी जीवन हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तेव्हा आपल्या कॅमेऱ्यात शेजाऱ्याची विहीर, न्हाणीघर वा खिडकी येता कामा नये. येत असल्यास दिशा बदलावी, किंवा तेवढा भाग काळा करण्याची सोय असलेला कॅमेरा घ्यावा. घरातही सुनेच्या वा मोलकरणीच्या खोलीत तो लावू नये. कॅमेरा बसविण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलावून पडद्यावरील चित्र दाखवावे. संकटसमयी हाकेला धावून येणार तो शेजारीच. त्याचे मन दुखवून घेतलेला पहारा महाग पडेल.