अण्णांचा पहिला वर्ग

उपनगरात राहणाऱ्या माणसाला ‘पहिला वर्ग’ म्हटले की विमान आठवत नाही, लोकल आठवते. तीच गाडी, तेच रूळ, तोच पावसाळी खोळंबा. फरक काय तो बाकावरच्या गादीचा आणि पासाच्या किमतीचा. कॉलेजात मी कायम झालो, त्या महिन्यात मोठ्या दिमाखाने घाटकोपरहून पहिल्या वर्गाचा तीन महिन्यांचा पास काढला होता. मुदत संपताच मुकाट्याने दुसऱ्या वर्गात परत आलो. गादी होती, पण बोलायला कोणी नव्हते. दुसऱ्या वर्गात निदान कोपर लागले तर माणूस ‘सॉरी’ तरी म्हणतो!

अशा मला विमानाच्या पहिल्या वर्गातून दुबईला जाण्याचा योग आला, हे सांगून कोणाला खरे वाटणार नाही. म्हणून तो कसा आला, ते आधी सांगतो.

माझा धाकटा भाऊ दुबईत हिशेबनीस आहे. नोकरीपायी त्याचे सारखे विमानाने हिंडणे होते. नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या नावावर विमानकंपन्या मैलांचे गुण जमा करीत असतात. पुण्यसंचयाचाच हा प्रकार म्हणा ना! अण्णांना, म्हणजे आमच्या वडिलांना, पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली, तेव्हा भावाने हे सारे पुण्य एकदम खर्चून टाकले. जाताना आम्हा दोघांना पहिल्या वर्गाची तिकिटे. येताना मात्र साधी, कारण पुण्य तेवढ्यावर संपले.

अण्णांनी चष्मा लावून तिकीट दोनदा वाचले. “तीन तासांसाठी पहिला वर्ग? डोकं फिरलंय का त्याचं?” मग जरा थांबून, हळूच म्हणाले, “आणि दुबईच का?”

भाऊ बारा वर्षे तिथे राहतो. मग माणूस त्याला भेटायला दुबईला नाही जाणार, तर कुठे जाणार? पण त्या प्रश्नातली गोम मला ठाऊक होती. या बारा वर्षांत कधी गुडघे, कधी आईचे आजारपण, कधी नुसताच पाऊस अशी कारणे सांगून अण्णांनी दुबई टाळली होती.

अण्णा एअर इंडियात फिटर होते. १९७१ साली सांताक्रूझच्या हँगरमध्ये लागले आणि २००७ साली, एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले त्या वर्षी, निवृत्त झाले. सारी हयात इंजिनांत गेली. नोकरीमुळे विमानाचे पास मिळत, पण ते ‘जागा उरली तर’ या अटीवर. आम्ही दोघे भाऊ लहान असताना दिल्लीला निघालो होतो. शेवटचा उतारू आत जाईपर्यंत आम्ही चौघे पिशव्या सावरीत दाराकडे टक लावून उभे! जागा उरली ती तीनच. अण्णा मागे राहिले आणि दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्या मते यात वाईट वाटण्यासारखे काहीच नव्हते. “विमान उतारूंचं असतं, फिटरचं नव्हे,” असे ते म्हणत.

वर्गांची ही भानगड विमानात पहिल्यापासून नव्हती, हेही मला त्यांच्यामुळेच कळले. जे. आर. डी. टाटांनी १९३२ च्या ऑक्टोबरात कराचीहून टपाल आणून जुहूला उतरवले, तेव्हा उतारूंचा प्रश्नच नव्हता. ८ जून १९४८ रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनीव्हामार्गे लंडनला निघाले, ते पस्तीस उतारू घेऊन. पुढे १९५२ साली अटलांटिकवर स्वस्त दराचा ‘टूरिस्ट’ वर्ग निघाला आणि जुन्या उतारूंना एकाएकी शोध लागला की, आपण पहिल्या वर्गात आहोत! दुसरा जन्माला येईपर्यंत पहिल्याला आपण पहिले आहोत याचा पत्ताच नसतो. आपल्या रेल्वेने याच्या उलट केले. १९७४ साली तिसरा वर्ग रद्द झाला आणि त्यातली मंडळी जागची न हलता दुसऱ्या वर्गात आली.

निघण्याचा दिवस उजाडला. आमच्या घाटकोपरच्या गॅलरीवरून उतरणाऱ्या विमानांची पोटे रोज दिसतात, तरी सौ.ने दही हातावर ठेवले आणि शेजारचे काका जिन्यापर्यंत पोचवायला आले. सहारच्या विमानतळावर काळीपिवळी टॅक्सीतून उतरलो. आत एका गालिचा घातलेल्या दालनात आम्हाला बसवले. तिथे जो तो अण्णांना ‘सर’ म्हणे. पहिल्या खेपेला अण्णांनी मागे वळून पाहिले. त्यांना वाटले, आपल्या मागे कोणी साहेब उभा असावा.

विमान एमिरेट्सचे, दुमजली, चार इंजिनांचे एअरबस ए-३८०. या कंपनीने १९८५ साली उड्डाणे सुरू केली, तेव्हाच्या पहिल्यावहिल्या गावांत कराचीबरोबर आपली मुंबईही होती. पहिला वर्ग वरच्या मजल्यावर, अगदी पुढे. तिथे खुर्ची नव्हे, खोलीच होती म्हणा ना! सरकते दार, आरसा, दिवा, आणि पाय लांब केले तरी समोरच्या भिंतीला लागत नाहीत एवढी जागा. आमच्या चाळीतल्या पहिल्या बिऱ्हाडात अण्णांना एवढी स्वतंत्र जागा कधी मिळाली नव्हती. त्यांना खिडकीकडची खोली, मला वाटेपलीकडची.

हवाईसुंदरीने खजूर आणि लहानशा पेल्यातून अरबी कॉफी दिली. मग गरम टॉवेल आला. अण्णांनी तो पुसून, चौकोनी घडी करून, जिथल्या तिथे ठेवला. पुढे स्नानगृहही आहे, असे तिने नम्रपणे सांगितले. अण्णा मला मराठीत म्हणाले, “तिला सांग, आम्ही अंघोळ करून निघालोय.”

त्यांची तपासणी मात्र चालूच होती. दाराची खाच बोटाने चाचपून पाहिली, टेबलाचा बिजागर दोनदा उघडमीट केला. शेवटी चेहरा पाडून म्हणाले, “सगळं चोख आहे. पण इथून इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही रे.”

रात्र पडली होती. दारे उघडीच ठेवून विमान धावपट्टीवर आले, म्हणून मला अण्णा स्पष्ट दिसत होते. त्यांनी दोन्ही हात खुर्चीवर घट्ट धरले होते. विमान उचलले, दिवे खाली गेले, किनारा मागे पडला आणि खिडकीत नुसता काळोखा समुद्र उरला. अण्णांचे ओठ हलत होते. मला वाटले, रामरक्षा म्हणत असतील. पण त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावर होती.

बऱ्याच वेळाने त्यांनी मान वर केली. “एकशे एक,” ते म्हणाले. “गेले एकशे एक सेकंद. आता चहा मागव.”

वाचकांपैकी जे वयस्क आहेत, त्यांना १ जानेवारी १९७८ ची रात्र आठवत असेल. एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ हे जंबो विमान सांताक्रूझहून निघाले आणि एकशे एक सेकंदांत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. २१३ माणसे होती; एकही वाचले नाही. विमान किती कलले आहे हे दाखवणारे, कॅप्टनपुढचे यंत्र बिघडले. बाहेर रात्र, खाली समुद्र. यंत्रावर भरवसा ठेवून त्याने विमान सरळ करू म्हटले आणि ते अधिकच कलंडले, असे चौकशीत निघाले. ते विमान दुबईला चालले होते.

हे सारे मी वाचून जाणत होतो. अण्णांच्या तोंडून कधीच ऐकले नव्हते. आई सांगे की, त्यानंतर दोन दिवसांनी ते घरी आले, न बोलता जेवले आणि हात धुवायला गेले ते पुष्कळ वेळ धूतच राहिले.

त्या रात्री मात्र, तीस-पस्तीस हजार फुटांवर, अण्णा बोलले. “सम्राट अशोक आलं एकाहत्तरच्या एप्रिलात. मी नवाच. खिडक्यांभोवती राजवाड्यासारख्या महिरपी रंगवलेल्या. वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गाच्या लोकांची बैठक. कोणी नाही असं पाहून मी तिथे बसलो, दोनच मिनिटं. फोरमन ओरडला, ऊठ, गिऱ्हाइकाची जागा आहे ती. उठलो.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, “सात वर्षं त्याची इंजिनं आमच्या हाताखालून गेली. इंजिनांनी दगा दिला नव्हता, हे नंतर कळलं. पण कळेपर्यंतचे दिवस, बाबा... रोज वाटे, एखादा नट माझ्याकडून तर सैल राहिला नाही?”

मी काहीच बोललो नाही. मराठीचा प्राध्यापक असूनही मला शब्द सुचला नाही.

“पुढे बसलेले गेले, मागचे गेले,” अण्णा म्हणाले. “समुद्राने कोणाचं तिकीट पाहिलं नाही. म्हणून म्हणतो, हे दार-बीर ठीक आहे. पण पहिला वर्ग म्हणायचा तो ज्याने यंत्रं तपासून सही केली त्याच्या कामाचा. तो एकदा दुसरा झाला की सगळं विमानच दुसरं.”

नंतर ते जेवले. माशाची अंडी पाहून “आज चतुर्थी आहे” म्हणाले (नव्हती!), भात मागून घेतला आणि दार न लावताच झोपले. उतरताना चाके टेकली, तेव्हा जागे होऊन उगाच माझ्याकडे पाहून हसले. दुबईत नातवंडांच्या गळ्यात पडून इतके रडले की भाऊ घाबरला. त्याला काहीच ठाऊक नव्हते.

आठवड्याने परतलो, ते साध्या वर्गातून, पंखालगतच्या जागेवर. गुडघे पुढच्या खुर्चीला लागत होते, शेजारी एक सुतार गाढ झोपला होता, मागे मूल रडत होते. अण्णा सबंध वेळ खिडकीशी कान लावून होते. “उजवीकडची दोन्ही छान चाललीत,” एवढे त्यांनी मला दोनदा सांगितले. विमान पूर्वेकडून वळून घाटकोपरवर आले, तसे त्यांनी बोट दाखवले. “ते बघ, आपलं घर!” मला काही दिसले नाही, पण मी ‘हो’ म्हटले.

रात्री भावाचा फोन आला. “अण्णा, पहिला वर्ग कसा वाटला?”

“उत्तम,” अण्णा म्हणाले. “फक्त पुढच्या खेपेला मागचं तिकीट काढ. पंख दिसायला हवा.”

पुढची खेप! फोन ठेवून ते गॅलरीत गेले. एक विमान दिवे लावून डोक्यावरून खाली चालले होते. ते दिसेनासे होईपर्यंत अण्णा उभे राहिले, आणि मग नेहमीसारखे आत येऊन म्हणाले, “उतरलं.”