परम्याची बदलती कुंडली

प्रभादेवी स्टेशनवर उतरून पूर्वेकडे परळच्या बाजूला चालू लागलं की पंधरा-वीस मिनिटांत केईएम रुग्णालय येतं. १९२६ पासून या गिरणगावातली माणसं ताप, खोकला, मोडलेला हात घेऊन तिथे निःसंकोच जातात. परमा झाला की मात्र पावलं अडखळतात. मग मेडिकलमधून गोळ्या आणायच्या, जरा बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवून द्यायच्या. हा संकोच जंतूच्या पथ्यावर पडतो.

परमा म्हणजे गोनोरिया. त्याचा जंतू १८७९ मध्ये आल्बर्ट नायसर यांनी शोधला. त्याची जनुकीय संहिता सुमारे २२ लाख अक्षरांची, माणसाच्या ३०० कोटींपुढे चिमूटभर. पण ती सतत बदलत राहते. इतर जंतूंमधून बाहेर पडलेले डीएनएचे तुकडे हा जंतू उचलतो आणि स्वतःच्या संहितेत सांधतो. तुकडा भावकीतला की परका, हे त्याला दहा अक्षरांच्या एका खुणेवरून कळतं. ती खूण त्याच्या संहितेत सुमारे २,००० ठिकाणी आहे.

या भावकीतले काही निरुपद्रवी जंतू माणसाच्या घशात कायम मुक्कामाला असतात. सर्दी-खोकल्यासाठी घेतलेली अँटिबायोटिक्स झेलत झेलत तेही निबर होतात. परम्याचा जंतू घशात पोचला की त्यांची ही कमाई त्याला आयती मिळते. ‘पेनए’ हे जनुक असंच गोधडीसारखं ठिगळं जोडून बदललं. सेफिक्झीम आणि सेफ्ट्रिॲक्झोन ही परम्यावरची औषधं जंतूच्या ज्या प्रथिनाला चिकटतात, त्याची घडणच त्यामुळे पालटली. २००९ मध्ये जपानमधल्या क्योतोत सेफ्ट्रिॲक्झोनला दाद न देणारा जंतू सापडला, तोही घशात.

आपल्याकडे सरकारी ‘सुरक्षा क्लिनिक’मध्ये करड्या रंगाचं किट मोफत मिळतं: अझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झीमचा एकच डोस. लक्षणं पाहून लगेच औषध, ही मोठी सोय आहे. पण बायकांमध्ये अनेकदा लक्षणंच दिसत नाहीत. आणि स्राव प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणतं औषध चालेनासं झालंय, तेही कळत नाही.

एकट्यानेच गोळी घेतली तर जोडीदाराकडून तोच जंतू परत येतो. उपचाराविना राहिलेल्या बाईच्या गर्भनलिका चिकटू शकतात, मूल होत नाही, आणि बोल तिलाच लागतो. म्हणून केईएमचा तो रस्ता दोघांनी मिळून चालावा.