शाळेचा लॅपटॉप आणि घरचा उंबरठा

शाळेने मुलाच्या हाती पुस्तक दिले तर ते घरी येते आणि पुष्कळदा दप्तरातच पडून राहते. त्यासाठी घरच्या माणसांना विचारावे असे कोणास वाटले नाही, व वाटावयाचे कारणही नव्हते. लॅपटॉपची गोष्ट निराळी आहे. त्याच्या वाटेने बाहेरचे जग घरात येते, तसेच घरातले काही बाहेर जाण्याचीही सोय होते. तेव्हा तो देण्यापूर्वी घराला विचारले पाहिजे, आणि घराला ‘नको’ म्हणता आले पाहिजे, एवढेच आम्हांस येथे मांडावयाचे आहे.

सोयगावकरांना हा विषय दूरचा वाटू नये. मुंबई महापालिकेने २०१५ साली आपल्या शाळांतील आठवीच्या मुलांना टॅब दिले. पुढे ‘महाज्योती’ संस्थेने प्रवेश परीक्षांच्या तयारीसाठी इतर मागास वर्गातील व भटक्या-विमुक्तांच्या मुलांना टॅब दिले. ज्या घरात स्वतःच्या पैशाने असे यंत्र येणे कठीण, तेथे ते फुकट आले तर आनंदच व्हावा. पण फुकट मिळालेल्या वस्तूविषयी प्रश्न विचारण्याचा आपल्याकडे संकोच असतो, आणि नेमके तेथेच घोडे अडते.

घरोघर यंत्र नेण्याचा एक जुना प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे. २००७ साली रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावी एका शिक्षकाच्या शाळेत जेमतेम वीस-बावीस मुलांना हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मिळाले. निकोलस नेग्रोपोंटे यांनी ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ अशी जी चळवळ उभी केली, तिचा हा भारतातील आरंभ. यंत्र शाळेचे नव्हे, मुलाचे. त्याने ते घरी न्यावे, असे त्या चळवळीचे तत्त्व होते. तत्त्व उदार खरे. पण याच चळवळीचे लॅपटॉप पेरू देशातील खेड्यांत गेले, तेव्हा अनेक मुलांचे लॅपटॉप शाळेतच राहिले. यंत्र हरवले किंवा फुटले तर भरपाई आपल्या गळ्यात पडेल, अशी पालकांना धास्ती होती. (तेथे गणित व भाषा यांत मुलांची प्रगती त्यामुळे वाढल्याचे २०१२ च्या पाहणीत दिसले नाही, हेही सांगून टाकावे.) ही धास्ती आपणांस परकी नाही. कपाशीवर पोट असलेल्या माणसासमोर हमीपत्र ठेवले, की मजकुरापेक्षा त्याला रकमेचा आकडा आधी दिसतो. तेव्हा नुकसानीचा भार कोणाचा, हे सही घेण्यापूर्वीच स्वच्छ सांगितले पाहिजे. भार घरावर टाकावयाचा असेल, तर यंत्र शाळेतच ठेवून वापरण्याची मुभा त्याच कागदावर असली पाहिजे.

दुसरी बाजू याहून नाजूक आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातील लोअर मेरियन येथील शाळांनी मुलांना लॅपटॉप दिले होते. हरवलेले यंत्र सापडावे म्हणून त्यांत एक सोय होती, की दूर बसून कॅमेरा चालू करता यावा. घरी बसलेल्या मुलांची हजारो छायाचित्रे या सोयीने घेतली गेली, व पालकांना त्याचा पत्ता नव्हता. २०१० च्या फेब्रुवारीत एका कुटुंबाने दावा लावला तेव्हा हे उजेडात आले. त्याच वर्षी ६ लाख १० हजार डॉलर देऊन तडजोड झाली. चोर पकडण्याकरिता ठेवलेला डोळा मुलाच्या झोपण्याच्या खोलीत उघडला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती घ्यावयाची तर आईबापांची संमती हवी, संमती मोकळी व समजून दिलेली हवी, आणि ती मागणारा मजकूर मराठीतही मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये निघालेल्या नियमांत शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरती व मुलांच्या सुरक्षिततेपुरती सूट ठेवली आहे. सूट म्हणजे विचारू नका अशी आज्ञा नव्हे. कॅमेरा कोण चालू करू शकतो, मुलाने काय पाहिले याची नोंद कोठे राहते, शाळा सुटल्यावर ती नोंद थांबते की नाही, हे पालकाने विचारावे आणि मुख्याध्यापकांनी न चिडता सांगावे.

घरात ते किती वेळ चालावे, हे घराने ठरवावे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवण्याचा गावाने निश्चय केला. एका गावाला वेळ ठरविता येते, तर घराला का येऊ नये? मात्र गृहपाठच त्या यंत्रावर असेल, तर हा अधिकार कागदावरच राहतो. म्हणून ‘नको’ म्हणणाऱ्या घरच्या मुलाला तोच धडा छापील मिळाला पाहिजे, व त्याचे गुण त्यापायी कमी होता कामा नयेत. उलट बाजूही आहे. एकाच घरात भावाला यंत्र मिळावे आणि बहिणीसाठी ‘नको’ म्हणावे, असे झाले तर तो निर्णय घराचा म्हणून आम्ही मान्य करणार नाही. तेथे शिक्षकाने घरी जाऊन बोलावे, आणि मुलीचे मत तिच्याच तोंडून ऐकावे.

हे सारे ठरविण्याची पालकसभा कापूस वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेवू नये. संध्याकाळी, गावातली माणसे घरी परतल्यावर ठेवावी. मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा. आणि सही त्याच बैठकीत न मागता आठवडाभराने घ्यावी.