दिवाळीची सुटी आणि घरचा कुत्रा

आपल्या दिवाळीचा प्रारंभ वसुबारसेने होतो. सणाचा पहिला मान गाय-वासराला देऊन मग आपण स्वतःच्या घरात गोडधोड करतो. शेजारच्या नेपाळात तर याच सणात एक दिवस कुत्र्यासाठी राखून ठेवलेला असतो. त्या दिवशी त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घालतात, कपाळी टिळा लावतात आणि त्याला आवडीचे अन्न देतात. महाराष्ट्रालाही कुत्रा परका नाही. दत्तात्रेयांच्या पायाशी चार श्वान असतात, खंडोबाच्या घोड्यासोबत कुत्रा असतो, आणि धनगराच्या वाड्यापासून मळ्यातील वस्तीपर्यंत राखणीचे काम तोच करीत आला आहे. असे असूनही दिवाळीचे दिवस घरच्या कुत्र्याला फार कठीण जातात.

याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. सण म्हणजे काय, हे माणसाला कळते; कुत्र्याला कळतो तो दिनक्रम. ठरलेल्या वेळी अन्न, ठरलेल्या वेळी फेरफटका, ओळखीची माणसे आणि ओळखीची जागा या चार गोष्टींवर त्याचे स्वास्थ्य अवलंबून असते. दिवाळीत या चारही गोष्टी एकाच वेळी बदलतात. घरात निराळे पदार्थ होतात, बाहेर आवाज होतात, पाहुणे येतात आणि अनेकदा घरातील मंडळीच गावाला निघून जातात. यांतील प्रत्येक बदलात कोणता धोका दडलेला आहे आणि तो कसा टाळावा, याचा नाशिक जिल्ह्यापुरता विचार येथे केला आहे. अर्थात यातील बहुतेक गोष्टी इतर जिल्ह्यांनाही लागू पडतील.

द्राक्ष आणि कांदा

नाशिक जिल्ह्याची ओळख दोन पिकांनी झाली आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या परिसरातील द्राक्षे आणि लासलगावच्या बाजारपेठेतील कांदा देशोदेशी जातो. ही दोन्ही पिके माणसाला हितकर असली, तरी कुत्र्याला विषासमान आहेत, ही गोष्ट द्राक्षबागेत व कांद्याच्या चाळीवर कुत्रा पाळणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

द्राक्षे, मनुका व बेदाणे खाल्ल्याने काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी अमेरिकेतील पशुवैद्यांच्या लक्षात ही गोष्ट प्रथम आली. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल हे त्यामागचे कारण असावे, असे अलीकडे, म्हणजे २०२१ पासून, मानले जाऊ लागले आहे. किती द्राक्षे खाल्ल्याने बाधा होईल याचे निश्चित प्रमाण सांगता येत नाही. एखादा कुत्रा पुष्कळ खाऊनही वाचतो, तर दुसऱ्याला मूठभर बेदाणेही पुरेसे होतात. प्रथम उलट्या होतात, कुत्रा मलूल होऊन अन्न सोडतो आणि एक-दोन दिवसांत लघवी कमी होऊ लागते. तोवर थांबणे म्हणजे उपचाराची वेळ दवडणे होय. द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ल्याचे कळताच, लक्षणांची वाट न पाहता, पशुवैद्यांकडे गेले पाहिजे.

कांद्याची गोष्ट निराळी आहे. कांद्यातील गंधकयुक्त द्रव्ये कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. लसणाचाही परिणाम असाच होतो. कांदा शिजवला, तळला किंवा वाळवला तरी त्याचा हा गुण जात नाही. लक्षणे काही दिवसांनी दिसतात. हिरड्या फिकट पडतात, धाप लागते आणि लघवी तांबूस होते. आता फराळाच्या ताटाकडे पाहावे. नाशिकचा चिवडा चिरलेल्या कांद्याबरोबर खाण्याची आपल्याकडे रीत आहे, आणि अनेक घरी चिवड्यात मनुका घालतात. म्हणजे मुलाने प्रेमाने कुत्र्यापुढे धरलेल्या एका वाटीत दोन्ही अपायकारक वस्तू एकत्र येतात.

याखेरीज चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई कुत्र्याला मुळीच देऊ नये. करंजी, शंकरपाळे, चकली हे तळलेले पदार्थ अधिक प्रमाणात गेल्यास स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कुत्र्याला सणाचा घास द्यावयाचाच असेल, तर मीठ-मसाला न घातलेला भात, भाकरीचा तुकडा किंवा उकडलेले अंडे द्यावे. त्यात त्याला काहीही कमी वाटत नाही.

आवाजाचे भय

माणसाला सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला ४५,००० कंपनांपर्यंतचा ऐकू येतो. फटाक्याचा आवाज कोठून आला, तो केव्हा थांबेल, हे त्याला कळत नाही. म्हणून तो थरथरतो, लाळ गाळतो, पलंगाखाली दडतो किंवा वाट फुटेल तिकडे धावत सुटतो.

पंचवटीतील एका परिचित शिक्षकांच्या घरची हकिगत सांगण्यासारखी आहे. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी त्यांनी आपला कुत्रा नेहमीप्रमाणे अंगणात साखळीने बांधून ठेवला होता. पूजा आटोपून मंडळी बाहेर आली, तेव्हा तुटलेला पट्टा तेवढा साखळीला लोंबत होता. तिसऱ्या दिवशी दिंडोरी रस्त्याच्या कडेला तो पाय मोडलेल्या अवस्थेत सापडला. पट्टा तुटला म्हणून तो वाचला. तुटला नसता तर गळफास बसण्याची भीती होती. गुरुजी आजही म्हणतात, ‘आम्ही त्याला सुरक्षित राहावा म्हणूनच बांधला होता.’

या प्रसंगातून घेण्याचा बोध सरळ आहे. फटाक्यांच्या वेळी कुत्रा बाहेर बांधून ठेवू नये. त्याला सूर्यास्तापूर्वीच फिरवून आणावे. घरातील आतल्या खोलीत त्याचे अंथरूण टाकावे, खिडक्या लावून पडदे ओढावेत, पंखा किंवा रेडिओ मंद चालू ठेवावा आणि शेजारी पाणी ठेवावे. तो कोपऱ्यात दडला तर ओढून बाहेर काढू नये. घरातील कोणी एकाने जवळ बसून शांतपणे पाठीवर हात फिरवला तरी त्याला धीर येतो. असे केल्याने कुत्रा अधिक भित्रा होतो, हा समज बरोबर नाही. फारच घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी सणाच्या आठ-दहा दिवस आधी पशुवैद्यांचा सल्ला घ्यावा. माणसांच्या झोपेच्या किंवा वेदनेच्या गोळ्या कधीही देऊ नयेत. गळपट्ट्यावर मालकाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला असावा. हरवलेला कुत्रा घरी परत येण्याचा तो सर्वांत स्वस्त उपाय आहे.

फटाक्यांबाबत कायद्याचीही मर्यादा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत आवाजी फटाक्यांना मनाई केली, आणि २०१८ साली दिवाळीत फटाके उडविण्यासाठी रात्री ८ ते १० हे दोनच तास ठरवून दिले. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र मानला जातो. नरक चतुर्दशीच्या भल्या पहाटे पहिला फटाका कोणाचा, याची चढाओढ गावोगाव चालते. ती हौस या मर्यादेत बसत नाही, हे मुलांना समजावून सांगण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांचीच आहे.

रात्रीचा निवारा

गोदावरी व दारणा यांच्या खोऱ्यांत उसाची शेती आहे, आणि उसाच्या आश्रयाने बिबट्याही आहे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला आरंभ होतो आणि बिबट्याचा आसरा मोडू लागतो. आपल्या सीमेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने सुमारे ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्याचा असल्याचे आढळले. निफाड, सिन्नर, दिंडोरीकडील मळ्यांत राहणाऱ्यांना हे वेगळे सांगावयास नको.

म्हणून वस्तीवरील कुत्रा रात्री उघड्यावर बांधणे म्हणजे बिबट्याला दारापर्यंत बोलावणे होय. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. शिवाय दिवाळीत पाहुण्यांची लहान मुले त्याच अंगणात वावरत असतात. कुत्र्याला रात्री घरात, पडवीत किंवा दार लागणाऱ्या गोठ्यात घ्यावे. उष्टे-खरकटे आणि मांसाचे अवशेष घराजवळ टाकू नयेत, कारण त्यावर भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

पाहुणे, मुले आणि रेबीज

भाऊबीजेला घर भरते. घरच्या मुलांना सवयीचा असलेला कुत्रा पाहुण्यांच्या मुलांना नवा असतो आणि ती मुलेही त्याला नवी असतात. खाताना, झोपेत आणि पिलांजवळ असताना कुत्र्याला हात लावू नये, हा नियम मुलांना पहिल्याच दिवशी सांगावा. लहान मूल व कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड एकत्र सोडू नये. कुत्र्याला माणसांपासून दूर होऊन बसता येईल असा एक कोपरा मोकळा ठेवावा.

रेबीजचा प्रश्न येथेच उपस्थित होतो. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीही वाचत नाही. मात्र दंशानंतर वेळीच उपचार झाले तर रोग टळतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते या रोगाने दगावणाऱ्यांत सुमारे ४० टक्के बालके असतात. पाळीव कुत्र्याला तीन महिन्यांच्या वयात पहिली लस, नंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे पुढची मात्रा आणि मग दरवर्षी लस दिली पाहिजे. लसीची तारीख उलटली असेल तर ती दिवाळीपूर्वीच टोचून घ्यावी.

कुत्रा चावला अथवा त्याचा ओरखडा उठला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. हळद, तिखट, चुना किंवा तेल लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात, या जुन्या भीतीने काही जण अजूनही दवाखाना टाळतात. ती लस देशातून दोन दशकांपूर्वीच बंद झाली असून हल्लीची लस दंडात दिली जाते.

गावाला जाताना

सुटीत बाहेरगावी जाताना कुत्र्याला वाऱ्यावर सोडून देण्याचे प्रकार घडतात. ‘गल्लीतले लोक घालतील तुकडा’ असे म्हणून कुलूप लावले जाते. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमान्वये रास्त कारणाशिवाय प्राण्याला टाकून देणे, त्याला पुरेसे अन्न-पाणी व निवारा न देणे, आणि नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे हे सर्व अपराध आहेत.

कुत्र्याला त्याच्या ओळखीच्या शेजाऱ्याकडे किंवा नातलगाकडे ठेवणे सर्वांत चांगले. अन्नाच्या वेळा, औषधे, पशुवैद्यांचा क्रमांक आणि तो कशाला घाबरतो हे कागदावर लिहून द्यावे; त्याचे जुने अंथरूण सोबत द्यावे. श्वानगृहात ठेवावयाचे असल्यास ती जागा आधी स्वतः पाहावी आणि तेथे लसीचा दाखला मागतात की नाही याची खात्री करावी. जेथे दाखला मागत नाहीत, तेथे आपला कुत्रा ठेवू नये. बरोबर न्यावयाचे असेल तर पशुवैद्यांकडून तो प्रवासास योग्य असल्याचा दाखला घ्यावा आणि रेल्वेने जाताना नियम व नोंदणी यांची चौकशी स्थानकावर आधीच करावी. मोटारीत दर दोन-तीन तासांनी त्याला उतरवून पाणी द्यावे. काचा लावलेल्या उभ्या मोटारीत त्याला क्षणभरही एकटे ठेवू नये. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो आणि बंद मोटारीत काही मिनिटांतच त्याला उष्माघात होऊ शकतो. मे महिन्याच्या सुटीत तर ही दक्षता अधिकच आवश्यक आहे.

शाळा आणि ग्रामपंचायत

यातील बरेचसे काम विनाखर्च होण्यासारखे आहे. सहामाही परीक्षेनंतर सुटी लागण्यापूर्वीचा अर्धा तास शिक्षकांनी या विषयाला द्यावा. दंशाची जखम कशी धुवावी आणि कुत्र्याला काय खाऊ घालू नये, या दोन गोष्टी मुलांनी पाठ केल्या तरी त्या घराघरांत पोहोचतील. ग्रामपंचायतीने फटाक्यांसाठी वस्ती व गोठे यांपासून दूर एखादी मोकळी जागा नेमून द्यावी, आणि पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने दिवाळीपूर्वी रेबीज प्रतिबंधक लसीकरणाचा एक दिवस ठरवावा. सुटीच्या काळात जवळचा कोणता दवाखाना उघडा राहील, हे सूचना फलकावर लिहिले तर ऐन वेळी होणारी धावपळ वाचेल.

घरचा कुत्रा वर्षभर आपल्या उंबऱ्यावर जागत असतो. दिवाळीच्या चार-पाच रात्री आपण त्याच्यासाठी थोडे जागलो, तर त्याची राखण तर होईलच, आणि आपल्या मुलाबाळांची व गावाचीही होईल.