दरबारी छंद आणि गल्लीतले खेळ

नागपूरच्या नैर्ऋत्येस, खामल्याच्या जुन्या शिवाराला लागून, जिथे एके काळी ज्वारी-तुरीची शेते होती तिथे भूखंड पाडून वसविलेले आमचे प्रताप नगर हे इतिहासाच्या दृष्टीने अगदीच पोरके ठिकाण म्हणावे लागेल. महालातल्यासारखा येथे वाडा नाही, इतवारीतल्यासारखी पिढीजात पेढी नाही, तलावाच्या काठी जीर्ण होत चाललेली एखादी छत्रीही नाही. शिक्षक, बँकांतले कारकून आणि रेल्वेतले नोकरदार यांनी भविष्य निर्वाह निधीतून उभारलेली घरे, पुढे चार हात अंगण आणि अंगणात एखादा पारिजातक, एवढीच काय ती येथील स्थावर सामग्री. तथापि या वसाहतीच्या गल्ल्यांतून वर्षभर जे खेळ आणि जे उत्सव आम्ही पाहत आलो त्यांच्या उगमाचा शोध घेऊ लागलो, की दर वेळी भोसल्यांच्या वाड्याच्या देवडीपाशी येऊन थांबावे लागते, आणि ज्या छंदांपायी नागपूरच्या एका राजाची सरकारी दफ्तरात बदनामी झाली तेच छंद आपल्या शेजारची पोरे निर्वेधपणे भोगीत आहेत, असे ध्यानात येते.

तान्ह्या पोळ्याचेच पाहा. श्रावण अमावास्येला शेतकऱ्यांचा पोळा होतो. दुसऱ्या दिवशी लाकडी नंदीला चाके लावून, त्याच्या शिंगांना बेगड चिकटवून, पाठीवर झूल घालून मुले घरोघरी फिरतात आणि बोजारा, म्हणजे नंदीच्या नावाने मिळणारा खाऊ-पैसा, गोळा करतात. ज्याला ना शेत ना बैल अशा शहरी मुलालाही बळीराजाच्या सणात वाटा असावा या हेतूने दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली ही प्रथा घातली, असे भोसले घराण्याची परंपरा सांगते. हेतूविषयी वाद घालणाऱ्याने खुशाल घालावा. पण इंग्रजांशी झालेले युद्ध आणि १८०३ सालच्या देवगावच्या तहाने हातून गेलेला कटक प्रांत, एवढे ओझे डोक्यावर असताना ज्या राजाला पोरांच्या लाकडी बैलांचे स्मरण राहिले त्याच्याविषयी आमच्या मनात, इतिहासकारांनी त्याला लावलेल्या कंजूषपणाच्या दूषणानंतरही, एक कोवळा कोपरा शिल्लक आहे. आमच्या गल्लीत मात्र बोजाऱ्याच्या बाबतीत औदार्याचा शिरस्ता कधीच नव्हता. चार आणे देऊन बोळवण करणाऱ्या घरांची फर्द मुलांना तोंडपाठ असे, आणि पुढच्या वर्षी त्या घरांवरून नंदी न थांबता पुढे जाई.

याच दरबाराने आणखी एक विलक्षण देणगी दिली, ती हडपक्या गणपतीची. भाद्रपदातल्या उत्सवाचे विसर्जन होऊन पितृपक्ष लागला, म्हणजे उभ्या महाराष्ट्रात मंगलकार्यांना विराम मिळतो. नागपुरात नेमका तेव्हा एक गणपती बसतो. खंडोजी भोसले ऊर्फ चिमणाबापू बंगालच्या स्वारीवरून विजयी होऊन परतले तेव्हा गणपतीचे विसर्जन होऊन गेलेले होते, म्हणून त्यांनी पितृपक्षात पुन्हा मूर्ती बसविली आणि विजयोत्सवासाठी लावण्या, खडी गंमत आणि नकलांचे कार्यक्रम करविले, अशी त्याची कथा सांगतात. थट्टामस्करीला मुभा देणारा तो मस्कऱ्या गणपती. धर्मशास्त्राने अशुभ ठरविलेल्या पंधरवड्यात स्वारीहून आलेल्या शिपायांच्या करमणुकीची सोय लावणारा हा सरदार पंचांगाला भिणारा नव्हता एवढे नक्की.

मात्र आमच्या मागोव्यातली खरी करुण व्यक्ती म्हणजे तिसरे रघुजी. १८१८ साली, आधीचे राजे अप्पासाहेब यांच्या पदच्युतीनंतर, दुसऱ्या रघुजींच्या दहा-अकरा वर्षांच्या या दौहित्राला दत्तक घेऊन गादीवर बसविण्यात आले. कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती गेला, आणि राजा वयात येऊन मुखत्यार झाला तेव्हा त्याच्यापाशी मुखत्यारी करण्याजोगे फारसे उरलेले नव्हते. फौजेवर कंपनीचा पहारा, परराष्ट्रव्यवहाराला बंदी, आणि प्रत्येक महत्त्वाच्या बाबतीत सीताबर्डीच्या रेसिडेन्सीकडे पाहण्याची सक्ती. अशा माणसाने दिवस कसा घालवावा? त्याने कुस्त्या लावल्या, पतंग उडविले, पत्ते कुटले, गाणे ऐकले आणि नाच पाहिले. ११ डिसेंबर १८५३ रोजी तो औरस पुत्रावाचून वारला तेव्हा रेसिडेंट मॅन्सेल याने धाडलेल्या अहवालात या छंदांची यादी अवगुणांच्या रकान्यात पडली. राज्य खालसा करण्याचे कायदेशीर निमित्त वारस नसणे हेच होते, आणि गव्हर्नर जनरल डलहौसीच्या कौन्सिलात जॉन लो याने त्यास हरकतही घेतली होती. परंतु डलहौसीच्या पारड्यात जे वजन पडले त्यात या पतंगांचाही अंश होता, असे मानायला जागा आहे. दोनच वर्षांनी लखनौच्या वाजिद अली शाहावर असाच आरोप ठेवण्यात आला. तिथे निदान पुढे प्रेमचंदांसारखा कथाकार निघाला आणि त्याने त्या बुडत्या नबाबीतले शतरंजचे डाव अमर केले. आमच्या रघुजींच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

एक राजकुलीन खेळाडू मात्र कंपनीला पुरून उरला, तो म्हणजे स्वतः अप्पासाहेब. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर पराभव पत्करलेला हा पुरुष कैदी म्हणून अलाहाबादेकडे नेला जात असता शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटला, महादेवाच्या डोंगरांत गोंडांच्या आश्रयाला राहिला, अशीरगडावर गेला, पंजाबात पोहोचला आणि अखेर जोधपुरास मानसिंगाच्या छायेत १८४० साली वारला. आमच्याकडे मुले रेस्टीप खेळतात त्यात लपलेला गडी सापडेना म्हणजे राज्य असलेल्या मुलाची जी त्रेधा उडते तीच कित्येक वर्षे ईस्ट इंडिया कंपनीची उडाली होती.

आता बांकाबाईंकडे वळू. दुसऱ्या रघुजींची ही राणी म्हणजे नागपूरच्या इतिहासातले सर्वांत दीर्घकाळ रंगमंचावर वावरलेले पात्र. नवऱ्याचे वैभव तिने पाहिले. रघुजीपुत्र परसोजीचा खून, अप्पासाहेबांचे पलायन, नातवाचे दत्तविधान आणि त्याच नातवाचा मृत्यू तिने पाहिला. आणि १८५४ साली संस्थान खालसा झाल्यावर जप्तीचे कारकून वाड्यात शिरले तेव्हा पंचाहत्तरीच्या घरातली ती म्हातारी अजून हयात होती. फीलखान्यातले हत्ती, पागेतले घोडे आणि बैल मातीमोलाने लिलावात निघाले, जामदारखान्यातले जवाहीर विक्रीसाठी कलकत्त्यास रवाना झाले. वाड्यातले सामानसुमान हलविण्याची वेळ आली तेव्हा बांकाबाईंनी वाड्यालाच आग लावून देण्याची धमकी दिली, असे इंग्रज इतिहासकार के याने नमूद करून ठेवले आहे. पुढे तीन वर्षांनी, १८५७ च्या जूनमध्ये, टाकळीच्या घोडदळात उठावाचा बेत शिजला आणि फसला; त्या वेळी बांकाबाईंनी आपले वजन इंग्रजांच्या पारड्यात टाकून आपल्या माणसांना उठावापासून परावृत्त केले. १८५८ साली त्या निवर्तल्या. लोकांनी यांपैकी नेमके काय लक्षात ठेवावे? आगीची धमकी विस्मृतीत गेली आणि इंग्रजांशी केलेली जवळीक तेवढी उरली.

तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी मारबत निघते, ती १८८१ पासून. तऱ्हाणे तेली समाजाची पिवळी मारबत निघते ती १८८५ पासून. बांबू, कागद आणि कापड यांच्या या प्रचंड पुतळ्यांची नेहरू पुतळ्याजवळ भेट होते, रोगराई आणि इडापीडा सोबत घेऊन जाण्याचे आवाहन करीत लोक त्यांना वस्तीबाहेर नेतात आणि जाळतात. कोणी मारबतीला पूतना मावशी म्हणतात. परंतु काळी मारबत म्हणजे परक्यांना मिळालेली बांकाबाई, ही समजूत नागपुरात घट्ट रुजलेली आहे. ऐतिहासिक न्यायाची चाड बाळगणाऱ्याला हे थोडे खुपते. जिच्या डोळ्यांदेखत तिचे घर लिलावात निघाले त्या स्त्रीलाच दरसाल जाळायचे, आणि लिलाव पुकारणाऱ्याचा साधा उल्लेखही करायचा नाही, हा निवाडा एकतर्फी आहे. तरी पण दडपशाहीच्या त्या काळात साहेबाचा पुतळा जाळण्याची सोय कोणाला होती? राणीच्या आडून साहेबावर नेम धरण्याची ही युक्ती असावी, असे आम्हाला वाटते. मारबतीच्या मागून चालणाऱ्या बडग्या नावाच्या पुतळ्यांनी तो नेम पुढे अधिक उघड केला. महागाई, लाचलुचपत, खड्ड्यांचे रस्ते, नुकताच बदनाम झालेला पुढारी, ज्याचा त्या वर्षी संताप आला असेल त्याचा बडग्या निघतो, आणि त्यावरच्या पाट्यांची भाषा अशी असते, की ती येथे उतरवून घेणे सभ्यतेला धरून होणार नाही.

प्रताप नगरात मारबत येत नसे. ती पाहायची तर सकाळी लवकर उठून वडीलधाऱ्यांच्या सायकलीच्या दांडीवर बसून इतवारी गाठावी लागे, आणि परतताना संध्याकाळच्या नंदीच्या तयारीची घाई असे. आमच्या या कडेच्या वस्तीचा स्वतंत्र असा जो एक विरंगुळा होता तो जुन्या शहराला नव्हता: तो म्हणजे विमाने पाहण्याचा. १९४९ साली रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही दिशांची विमाने मध्यरात्री आमच्या जवळच्या सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेच्या आत ती आपापल्या शहरी परत जात. बालपणी उन्हाळ्यात अंगणात खाटा टाकून निजलेल्या आम्हा मुलांना ही विमाने ओळखता येतात असा आमचा दावा असे. कोणते मद्रासचे आणि कोणते कलकत्त्याचे यावरून पैजा लागत. खरे-खोटे करायला कोणीच नसल्यामुळे त्या कधी फिटल्या नाहीत.

मुलींचा काळ भाद्रपद पौर्णिमेपासून सुरू होई. मातीचे भुलोजी आणि भुलाबाई पाटावर मांडून, टिपऱ्यांच्या तालावर सासर-माहेरची गाणी म्हणत, कोजागिरीपर्यंत महिनाभर रोज एका घरी मेळा जमे. शेवटी खिरापत ओळखायची असे. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आवाजावरून आत शेंगदाणे आहेत की चिवडा, हे ताडायचे. चतुर गृहिणी आवाज न करणारा पदार्थ निवडीत, आणि त्या दिवशी नागपूरच्या पाककलेतली सर्व नावे घेऊन झाली तरी झाकण उघडत नसे. दरबाराशी काडीचा संबंध नसलेला हा खेळ आमच्या समजुतीने सर्वांत आधी मोडला. संध्याकाळी शिकवणीचे वर्ग आले आणि महिनाभराचा उत्सव एका दिवसावर येऊन ठेपला.

खेळ खेळणाऱ्याचे मोल कोण ठरवितो, याचे आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. कोट्टारी कनकय्या नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले, येथेच शिकले, आणि १९२६ च्या डिसेंबरात मुंबईस एमसीसीच्या गोलंदाजांना अकरा षटकार मारून त्यांनी १५३ धावा काढल्या. १९३२ साली लॉर्ड्सवर हिंदुस्थानच्या पहिल्या कसोटी संघाचे ते कर्णधार होते. नागपुरास त्यांना ठेवून घेणारा राजा राहिला नव्हता, म्हणून ते इंदूरला होळकरांच्या पदरी गेले आणि खेळाच्या जोरावर तिथल्या फौजेतले कर्नल झाले. रघुजींनी खेळावे तर ते अवगुणांत जमा, आणि सी. के. यांनी खेळावे तर सैन्यात हुद्दा. मधल्या सत्तर वर्षांत बदलले ते इतकेच, की खेळ आता साहेबाच्या देशातून आलेला होता.

राहता राहिला पतंग. संक्रांतीच्या पंधरा दिवस आधीपासून जुन्या शुक्रवारीतल्या दुकानांतून चक्र्या आणि पतंग यांच्या राशी लागत. पण खरे शौकीन विकतच्या मांजावर विसंबत नसत. दोन खांबांमध्ये दोरा ताणून, काचेची वस्त्रगाळ पूड, भाताची खळ आणि रंग यांचा लगदा चिंधीत धरून मांजा सुतण्याचे काम आमच्या गल्लीत विजेच्या खांबांवर चाले, आणि पुडीतल्या मसाल्याचे प्रमाण कोणी कोणास सांगत नसे. संक्रांतीला गच्चीवरून ‘ओ काट’ची आरोळी उठली, की खाली टोकाला काटेरी फांदी बांधलेले बांबू घेऊन एक सैन्य धावत सुटे. ढील देणाऱ्याचे कसब आणि खेच मारणाऱ्याचे कसब यांत श्रेष्ठ कोणते, यावर आमच्या वसाहतीत दोन पक्ष होते आणि त्यांच्यात सोयरीकही सहसा जुळत नसावी.

मग बाजारात नायलॉनचा मांजा आला. तो तुटत नाही, म्हणून त्याने काटाकाटीतले कौशल्यच काढून घेतले. शिवाय दुचाकीस्वारांचे गळे आणि झाडांवरचे पक्षी कापले. २०१७ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, संक्रांतीला शहरातले उड्डाणपूल रहदारीस बंद ठेवण्याची पाळी आली. म्हणजे नागपूरचा पतंग पुनश्च सरकारी दफ्तरात दाखल झाला. या वेळची तक्रार मात्र रास्त आहे आणि ती मॅन्सेलसाहेबाच्या तऱ्हेची नाही. ज्याला पतंगाचे प्रेम आहे त्यानेच ती सर्वांआधी करायला हवी होती. तरी दर जानेवारीत चोरून विकलेल्या नायलॉनच्या चक्र्या पोलिस पकडतात, आणि आमच्या गल्लीतली जाणती मंडळी, गुडघे कुरकुरत असले तरी गच्चीवर चढून, सुती मांजावर कोण उडवतो आहे आणि कोण नाही याची स्वतः झडती घेतात.