काचेच्या टाकीतील खाडी
कोळंबीच्या बीजाचा धंदा : पैसे गुंतवण्याआधी पाणी ओळखा

धंदा कोणताही असो, आधी मालाची ओळख हवी, भांडवल नंतर. कापडात हात घालणाऱ्याला सूत ओळखता आले पाहिजे. तसेच कोळंबीच्या बीजाच्या धंद्यात उतरणाऱ्याला पाणी ओळखता आले पाहिजे. नाशिकसारख्या घाटावरच्या शहरात, समुद्र शंभर किलोमीटरहून दूर असताना, शेडमध्ये टाक्या मांडून हा धंदा करता येईल काय, असे आपले होतकरू तरुण विचारतात. करता येतो. पण कसा, आणि त्यात पैसा कोठे बुडतो, हे आज आम्ही थोडक्यात मांडत आहोत.

जन्म खाडीत, वाढ नदीत

येथे आम्ही गोड्या पाण्यातील मोठ्या कोळंबीविषयी लिहीत आहोत. व्यापारात तिला स्कँपी म्हणतात. नावात गोडे पाणी असले तरी तिचा जन्म खाडीतला आहे. अंडी धरलेली मादी नदीतून खाडीकडे उतरते. अंडी फुटून निघालेल्या अळ्या निमखाऱ्या पाण्यात वाढतात आणि पिल्ले झाली की पुन्हा नदीकडे चढतात. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावून आंध्रात बंगालच्या उपसागराला मिळते. तिच्या मुखाशी ही कोळंबी सापडते.

हे गूढ बराच काळ उकलले नव्हते. गोड्या पाण्यात ठेवलेल्या अळ्या काही दिवसांत मरत. १९६१ च्या सुमारास मलायातील पेनांग येथे डॉ. शाओ-वेन लिंग यांनी दाखवून दिले की या अळ्यांना जगण्यासाठी मिठाचा अंश लागतो. पुढे हवाई बेटांवर ताकुजी फुजिमुरा यांनी मोठ्या प्रमाणावर बीज तयार करण्याची पद्धत बसवली. आज टाकीत जे काम चालते त्याचा पाया हाच आहे.

पाण्याचा हिशेब

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. अळ्यांना साधारण १२ ग्रॅम लागतात, म्हणजे एक भाग समुद्राचे पाणी व दोन भाग गोडे पाणी. नाशिकमध्ये समुद्राचे पाणी टँकरने आणावे लागेल, किंवा क्षार विरघळवून बनवावे लागेल. शंभर लिटरच्या काचेच्या टाकीला सव्वा किलोच्या आसपास क्षार पुरतात.

मात्र बाजारातले खाण्याचे मीठ टाकून भागत नाही. समुद्राच्या क्षारांत मिठाबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम व सल्फेट ठरावीक प्रमाणात असतात. कोळंबी वारंवार कात टाकते आणि नवे कवच धरण्यासाठी तिला कॅल्शियम लागते. रंगारी बंधूंना हे लगेच पटेल. तोच रंग, तेच सूत, पण पाणी जड आले की छटा बदलते. येथे छटेऐवजी जीव जातो.

नळाचे पाणी गंगापूर धरणाचे असले तरी त्यात क्लोरीन असते. ते एक-दोन दिवस हवा सोडून उडवावे लागते, किंवा फोटोग्राफर वापरतात त्या हायपोने मारावे लागते. दुसरी गोष्ट नाशिकच्या तांबट कारागिरांसाठी. तांबे, पितळ किंवा जस्ताचा पत्रा या पाण्याला लागता कामा नये. त्यांचा अंशही अळ्यांना विष ठरतो. नळ्या, तोट्या, बादल्या सर्व प्लास्टिकच्या असाव्यात.

टाकीतील महिनाभर

मादी अंडी पोटाखाली धरून सुमारे वीस दिवस सांभाळते. नारिंगी अंडी राखाडी झाली की फुटण्याची वेळ जवळ आली असे समजावे. मोठी मादी पाऊण लाखाहून जास्त अंडी देऊ शकते. हा आकडा ऐकूनच माणूस भुलतो. पण अंडे म्हणजे पिल्लू नव्हे. अळी अकरा अवस्थांतून जाते आणि त्याला २८ ते ३० अंश उष्णतेत चार ते पाच आठवडे लागतात. निम्म्या अळ्या पिल्लांपर्यंत पोहोचल्या तरी काम चांगले समजावे.

नाशिकच्या थंडीत पारा दहा अंशांखाली जातो, तेव्हा हीटरशिवाय चालत नाही. हवेचा पंप अखंड चालला पाहिजे. वीज गेली की माग थांबतो, पण सूत मरत नाही. येथे काही तासांत टाकी रिकामी होऊ शकते. म्हणून इन्व्हर्टर हा चैनीचा खर्च नाही.

खाद्य म्हणून आर्टेमिया नावाच्या लहान जीवाची अंडी डब्यात मिळतात. ती खाऱ्या पाण्यात हवा सोडून चोवीस तासांत फुटतात. पुढे अंड्याचे बारीक कस्टर्डही देतात. उरलेले खाद्य रोज काढावे, नाहीतर अमोनिया चढतो. अमोनिया पचवणारे जिवाणू गाळणीत बसायला महिना-दीड महिना लागतो. टाकी मांडली आणि लगेच अळ्या सोडल्या, हीच नवख्यांची नेहमीची चूक आहे.

माद्या खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्याव्यात. २००० नंतर भारतात पांढऱ्या शेपटीच्या विषाणूने अनेक स्कँपी केंद्रांचे बीज मारले. २००९ पासून व्हॅनामी कोळंबी आल्यावर बाजारही तिकडे वळला. म्हणून गिऱ्हाईक कोण, हे माद्या आणण्यापूर्वी ठरवावे.

व्यवहार आणि हलाल-हराम

पाण्यात मोकळा असलेला मासा पकडण्यापूर्वी विकणे शरीअतने रोखले आहे, कारण त्यात गरर, म्हणजे अनिश्चितता, आहे. टाकीत बंद असलेला, दिसणारा आणि हातात देता येणारा माल ही वेगळी बाब असून उलमांनी ती मान्य केली आहे. म्हणून मोजणी चोख ठेवा. पाणी ढवळून पाच ठिकाणांहून लिटरभर नमुना घ्यावा, पिल्ले मोजावीत, सरासरी काढावी. समजा सरासरी तीस आली आणि टाकी पाचशे लिटरची आहे, तर पंधरा हजार नग झाले. ही मोजणी गिऱ्हाइकासमोर करावी. अजून अंड्यात असलेल्या बीजावर बयाणा घेण्यापूर्वी मुफ्तीसाहेबांना विचारावे. खाण्याविषयी म्हणाल तर शाफई मसलकात कोळंबी हलाल आहे, आणि हनफी उलमांत ती मासा आहे की नाही यावर मतभेद आहेत. आपल्या आलिमांचा सल्ला घ्यावा.

खारे पाणी फेकण्यापूर्वी

खारे पाणी शेतात, विहिरीत किंवा नाल्यात सोडू नये. जमीन एकदा खारावली की पिढ्यांचे नुकसान होते. थायलंडने याच कारणाने १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या प्रदेशातील खारी कोळंबीशेती बंद केली. आपल्याकडेही ११ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किनाऱ्यावरील कोळंबीशेतीविरुद्ध कडक निकाल दिला आणि २००५ मध्ये त्यासाठी कायदा झाला. तेच पाणी गाळून पुन्हा वापरावे. त्यात क्षारांचा खर्चही वाचतो.

आमचा सल्ला असा. जमीन गहाण टाकून, व्याजाचे कर्ज काढून शेड उभारू नका. आधी मुंबईत वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत किंवा रत्नागिरीच्या मत्स्य महाविद्यालयात चौकशी करून काम डोळ्यांनी पाहा. मग शंभर लिटरची एकच टाकी मांडा आणि अंड्यापासून पिल्लापर्यंत एक खेप पार पाडा. रोजची उष्णता, क्षार आणि मेलेल्या अळ्यांची संख्या वहीत लिहा. ती वही पाहूनच भागीदाराने पैसा द्यावा. ज्याच्याकडे वही नाही आणि फक्त लाखो अंड्यांचे आकडे आहेत, त्याच्या हाती आपल्या कष्टाची कमाई देऊ नये.